भट्टीचा प्रकार

जालन्यात रिक्षात बसून ‘भट्टीवर सोड’ म्हटलं की रिक्षावाला मान वळवून विचारतो, लोखंडाच्या का लाह्यांच्या? लोखंडाची म्हणजे शहराबाहेरची, जिथं भंगार वितळवून सळया ओढतात. लाह्यांची म्हणजे गल्लीतली, जिथं रेतीच्या कढईत हरभरे आणि ज्वारी फोडून देतात. दोन्हीला आम्ही भट्टीच म्हणतो आणि कुणाचा घोटाळा होत नाही, कारण माणूस विचारून घेतो. चौथी नापास रिक्षावालासुद्धा विचारतो. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, शहराची हवा कोण खराब करतंय ते शोधायला पगारावर नेमलेली. मी फॉर्मवर ‘भट्टी’ लिहिलं आणि पुढचा ‘प्रकार’ हा रकाना कोरा सोडला. तोही चुकून नाही, गंमत म्हणून.

त्या गमतीत माझ्या आत्याची भट्टी गेली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे वाचता वाचता कुणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको.

आत्या आमच्याच घरची, धावडा गावची. माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमच्याकडं शेती होती, ढोरं होती, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. तिला जालन्यात मस्तगडात दिली, कारण नवरा नोकरीचा. नोकरी म्हणजे लोखंडाच्या भट्टीवर. मामा, म्हणजे तिचा नवरा, चाळिशीच्या आतच खोकून खोकून गेले. माझे आजोबा तिला माहेरी न्यायला आल्ते. ती गेली नाही. शेजारच्या म्हातारीची लाह्यांची भट्टी होती आणि म्हातारीला आता जड चाळण उचलवत नव्हती. आत्यानं तिच्या हातातली चाळण घेतली ती घेतलीच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, हिचं नशीबच भट्टीचं. आत्या हसायची. म्हणायची, पहिलीनं नवरा नेला, दुसरीनं मला ठेवलं, हिशेब बराबर.

मी पाचवीपासून तिच्याकडं शिकायला होते. तिला मूलबाळ नव्हतं, तिनं मला पोटच्यासारखं केलं, हे तर सगळेच म्हणतात. मी कशी होते ते कुणी विचारत नाही. मी तिच्या धुराला लाजत होते. कढई समोरच्या ओट्यावर आणि आमची झोपायची खोली तिच्या मागं. दप्तर, केस, गणवेश, सगळ्याला पऱ्हाटीच्या धुराचा वास. पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली काडी, तीच जळण. वर्गात पोरी मला ‘जळकी’ म्हणायच्या. मी रस्त्यानं आत्याच्या दहा पावलं पुढं चालायची. एकदा डबा घरी राहिला म्हणून ती शाळेच्या फाटकाशी आली, हाताला राख, कपाळावर घाम, पदरानं तोंड पुसत. बाईंनी मला विचारलं, या कोण? मी म्हणाले, आमच्या घरमालकीण. आत्यानं ते ऐकलं. एका दमात म्हणाली, ‘व्हय बाई, भाड्यानं राहत्यात ह्या आमच्याकडं.’ आणि डबा देऊन निघून गेली. संध्याकाळी तिनं रोजच्यासारखी भाकरी वाढली, वर तूप जरा जास्तच. त्या विषयावर आमचं कधीच बोलणं झालं नाही.

पुढं शिकले, लग्न झालं, नव्या जालन्यात बिऱ्हाड केलं. नवरा बरा आहे, त्याचं इथं काही काम नाही. मला नोकरी लागली ती वर्षावर्षाच्या करारावरची. शहराची हवा सुधारायची तर आधी ती कशानं बिघडते ते कळलं पाहिजे, म्हणून एक कक्ष काढला होता. कागदावर त्याचं नाव लांबलचक होतं, लोक ‘हवा कक्ष’ म्हणायचे. सुरुवातीला दोन-तीन जण खरंच सायकल घेऊन आले, टायरात हवा भरायला. मला भयंकर राग आला होता. आता वाटतं, त्यांचं काम करून दिलं असतं तर निदान कुणाचं तरी भलं झालं असतं.

काम दोन भागांचं होतं. एका शाळेच्या गच्चीवर यंत्र ठेवलेलं, त्यात वहीच्या पानाएवढा पांढरा कागद घालायचा. यंत्र दिवसभर हवा ओढायचं आणि दुसऱ्या दिवशी कागद काढला की तो राखाडी झालेला असायचा. कधी राखाडी, कधी पार काळा. त्या काळ्यात काय काय आहे, धूळ किती, लोखंड किती, जळण किती, ते बाहेरच्या प्रयोगशाळेतून कळणार होतं. दुसरा भाग आमचा, पायपिटीचा. यंत्राच्या आसपासच्या सगळ्या वस्त्या हिंडायच्या आणि धूर करणारी, धूळ उडवणारी प्रत्येक गोष्ट फॉर्मवर लिहायची. चुली, तंदूर, जनरेटर, कचरा जाळायच्या जागा, उघडी वाळू, खडी. कारखाने आमच्याकडं नव्हते. ते ‘उद्योग’ या वेगळ्या भागात, वेगळ्या खात्याकडून, वेगळ्या वेळी यायचे होते. ते आले तेव्हा एका पानात आले.

मला हे काम फार आवडलं होतं. खोटं कशाला बोलू? आयुष्यभर धुराच्या वासावरून टोमणे खाल्लेल्या बाईच्या हातात पेन दिलं आणि सांगितलं, धूर दिसला की लिही. मी कुणालाच सोडलं नाही. एक इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री लपवत होता, मी ती बाहेर काढायला लावून लिहिली. एक म्हातारा रखवालदार थंडीत पत्र्याच्या डब्यात काड्या पेटवून बसायचा. तो म्हणाला, बाई, ही काय शेकोटी झाली का? मी म्हणाले, धूर येतो ना? आणि लिहिली. बायका मला बघून चुलीवर झाकण टाकायच्या. माझे फॉर्म सगळ्यात भरलेले असायचे. साहेब, म्हणजे आमचे कक्षप्रमुख, पुण्याकडून बदलून आल्ते, ते बाकीच्यांना माझा गठ्ठा दाखवायचे. मी फुगून जायचे.

आत्याचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं. तिचा फॉर्म दुसऱ्या कुणी भरावा असं वाटत होतं, पण आमच्यात वाटणी गल्लीवार आणि मस्तगड माझ्याकडं. गेले तेव्हा दुपारची फुरसतीची वेळ होती. ती ओट्यावर बसून चाळणीला तार बांधत होती. मला बघून तिनं कढईतले गरम फुटाणे फडक्यात ओतले, मीठ टाकलं, पुढं ठेवले. मी खात खात लिहायला लागले.

‘इतकं काय लिहून राह्यलीस?’ तिनं विचारलं.

मी म्हणाले, तुझी भट्टी सरकारात नोंदवून राह्यले. ती खूश झाली. सरकारात तिचं काहीच नोंदलेलं नव्हतं, ना दुकान ना धंदा. मंग मला चेव आला. फॉर्मवर रकाना होता: ‘भट्टी (प्रकार लिहावा)’. मी तिला म्हणाले, आत्या, प्रकार काय लिहू? फुटाण्याची लिहिली तर कोण विचारतंय? नुसती भट्टी लिहिते, म्हणजे तू बी कारखानदार. मालकाचा व्यवसाय, भट्टीचालक. ती एवढी हसली की डोळ्याला पदर लावला. म्हणाली, ‘लिही लिही, कारखानदारीण लिही. तुझ्या मामाचा मालक लय ऐटीत फिरायचा, आता मी फिरते.’ मी नुसतं ‘भट्टी’ लिहिलं. संख्या एक. परवाना, नाही.

पुढचा रकाना जळणाचा. पऱ्हाटी, लाकडाचा भुसा. आणखी काही? असं मी तिला विचारलं, जसं सगळ्यांना विचारायचे. बाकी सगळे इथं खोटं बोलायचे आणि मला ते कळायचं. आत्या खोटं बोलली नाही, कारण समोर मी होते. म्हणाली, पावसाळ्यात पऱ्हाटी ओली असती, पेटत न्हाई, मंग तुटक्या चपलेचा तुकडा लावते खाली. तेवढ्यापुरता. मी लिहिलं: रबर. ‘तेवढ्यापुरता’ लिहायला रकाना नव्हता. तिनं वळणदार सही केली, जी मीच तिला सहावीत असताना शिकवली होती.

फॉर्म टाईप झाले, त्याचे तक्ते झाले. आराखड्याच्या बैठकीत ते भिंतीवर दिसले तेव्हा मी मागच्या खुर्चीवर होते. उद्योगांचं एक पान होतं. त्यात कुठंही भट्टी हा शब्द नव्हता. ‘युनिट’ होता, ‘प्रक्रिया’ होता, आणि उपाय या रकान्यात सगळीकडं एकच ओळ: संबंधितांशी चर्चा प्रस्तावित. शहराच्या पानावर चुली होत्या, तंदूर होते, इस्त्र्या होत्या, रखवालदाराची शेकोटीसुद्धा होती. आणि एका ओळीत, एकटी: भट्टी. संख्या एक. परवाना नाही. इंधन, रबर. पऱ्हाटी आणि भुसा टाईप करताना गळाले होते.

साहेबांचं बोट तिथंच थांबलं. ते म्हणाले, शहरात, भर वस्तीत, रबर जाळणारी विनापरवाना भट्टी? हे इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? सगळे माझ्याकडं बघायला लागले, कौतुकानं. वरून पत्र आलं होतं की नुसतं शोधून भागणार नाही, तातडीची कारवाई दाखवा. साहेबांनी त्या ओळीवर लाल गोल केला. मी त्या वेळी उठून बोलले असते तर दोन मिनिटांचं हसं झालं असतं आणि विषय संपला असता. सगळ्यांच्या समोर फुटाण्याची भट्टी म्हणायचं माझ्या जिवावर आलं. जळकी, जळकी. मी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं की ती भट्टी लोखंडाची नाही, लाह्या-फुटाण्याची आहे, एक कढई आहे, एक बाई आहे. ती माझी आत्या आहे हे सांगितलं नाही. साहेबांनी तक्त्यातली ती ओळ पुन्हा वाचली. मला वाटलं, चला, झालं. मंग त्यांनी विचारलं, धूर येतो का? येतो. परवाना आहे? नाही. रबर जाळते? मी म्हणाले, तेवढ्यापुरता. ते हसले. म्हणाले, मग हे तर अजून सोपं झालं. लोखंडाची असती तर आपल्याला कुणी आत तरी घेतलं असतं का? मी म्हणाले, पण सर, वर जे वाचतील त्यांना वाटेल की जालन्यात लोखंडाची भट्टी बंद केली. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी त्यांना शिकवत होते.

‘आपण कुठं लोखंडाची म्हटलंय? तुम्हीच लिहिलंय, भट्टी. खोटं आहे का?’

खोटं नव्हतं. मंग त्यांनी प्रिंटरमधून एक कोरा कागद काढून माझ्यापुढं सरकवला. म्हणाले, तुम्हाला वाटत असेल की तुमचा फॉर्म चुकीचा आहे, तर तसं लिहून द्या, माझ्या सर्वेक्षणात चूक झाली म्हणून. मी पुढं पाठवतो. फक्त मग तुमचे सगळेच फॉर्म पुन्हा तपासावे लागतील. आणि करार वाढवायच्या याद्या याच आठवड्यात जायच्यात, बघा. आवाज मुळीच चढवला नाही. चहासुद्धा विचारला. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाले, विचार करून देते.

विचार कसला करायचा होता? एका ओळीचं काम होतं. करार वाढला. कागद कोराच राहिला.

आत्याला नोटीस आली श्रावण लागता लागता. तिनं ती शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली आणि मला फोन केला. म्हणाली, यात लिवलंय की धूर शोषायचं यंत्र बसवा न्हाईतर भट्टी बंद करा. असलं यंत्र कुठं मिळतं गं? मामा होते तिथं तर कधी पाह्यलं न्हाई. मी म्हणाले, अगं काही नसतं, सगळ्यांनाच कागद जातात, बसून ऱ्हा गुमान. का म्हणाले? कारण दुसरं काही म्हणायचं तर माझं तोंड काळं झालं असतं. मला वाटत होतं, साहेब विसरतील, पथकाला वेळ मिळणार नाही, पाऊस येईल. दुसऱ्याच्या जिवावर माणूस फार आशावादी होतो. आत्याचा माझ्यावर भरवसा बिलकुल पक्का. तिनं पऱ्हाटीचा नवा भारा आणून टाकला, कढईतली रेती बदलली आणि नागपंचमीची ज्वारी घ्यायला सुरुवात केली.

हे बाहेरच्यांना सांगावं लागेल. नागपंचमीला आमच्याकडं ज्वारीच्या लाह्या लागतात आणि त्या विकतच्या चालत नाहीत. ज्याची त्यानं आपली ज्वारी ओली करून फडक्यात बांधून भट्टीवर न्यायची, आपल्यासमोर फोडून आणायची. पंचमीच्या आधीचे दोन दिवस आत्याच्या ओट्यापासून कोपऱ्यापर्यंत गाठोडी लागायची, बायका आपलं फडकं ओळखून बसायच्या. एकदा ओली केलेली ज्वारी थांबत नाही. त्याच दिवशी फुटली तर फुटली, न्हाई तर आंबते. वर्षभर आत्या एक फुटाणेवाली असायची, ते दोन दिवस सगळं मस्तगड तिच्या हाताकडं बघत बसायचं.

पथक पंचमीच्या आदल्या सकाळी गेलं. दिवस साहेबांनी मुद्दाम निवडला नव्हता, त्यांना पंचमीचं काही ठाऊकही नसेल. मला ठाऊक होतं. मी म्हणाले नाही. माझ्याकडं फोटोचं काम होतं. जागेच्या नोंदीसकट दोन फोटो लागतात, एक कारवाईआधीचा, एक नंतरचा, दोन्ही एकाच ठिकाणी उभं राहून. मी म्हणू शकले असते, माझी तब्येत बरी नाही. मी हेही म्हणाले नाही, कारण गेले नसते तर साहेबांना कळलं असतं, का नाही गेली.

कढई तापलेली होती. ओट्यावर गाठोडी ठेवलेली, लाल, निळी, एक हळदीच्या डागाचं. आत्या चाळण उचलत होती. गाडीतून चौघे उतरले, मागून मी. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला, तिला वाटलं मी मिटवायला आले. मी फोन वर केला आणि पहिला फोटो काढला. त्यात ती हसताना आली आहे. अहवालात तोच फोटो आहे.

मंग पथकातल्या एकानं बादली घेतली आणि तापल्या रेतीत पाणी ओतलं. असा आवाज झाला की बायका मागं सरल्या. पांढरी वाफ सगळ्या ओट्यावर पसरली. त्यांनी भट्टीचं तोंड पहारीनं पाडलं, कढई उलटी करून गाडीत टाकली. नोटिशीत भट्टी बंद करा एवढंच होतं, चाळणीचं काही नव्हतं, तरी चाळणही नेली. आत्या एकच म्हणत राहिली, साहेब, आजचा दिवस. लोकांची ज्वारी ओली हाय. उद्या मी स्वतःच्या हातानं पाडते, आजचा दिवस. कुणी ऐकून घेतलं नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली नाही. त्या चौघांकडं बघून म्हणाली.

गर्दीतली एक म्हातारी मात्र खवळली. माझ्याकडं बोट करून पथकाच्या मुकादमाला म्हणाली, अरे, ही तर हिचीच भाची हाय, हिच्याच घरात वाढली, तिला विचारा की. मुकादम माझ्याकडं वळला. त्याच्या डोळ्यांत आता मजा होती. त्यानं विचारलं, मॅडम, खरं का? नातेवाईक असल्या तर तसं लिहावं लागेल पंचनाम्यात. साहेबांना कळवावं लागेल.

नाही म्हणायचं धाडस नव्हतं, हो म्हणायचंही नव्हतं. आत्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. शाळेच्या फाटकाशी पाहिलं होतं तसंच, घाईघाईनं, चूल विझायला लागल्यावर बघतात तसं. आणि मुकादमाला म्हणाली,

‘न्हाई साहेब. शिकायला होत्या तवा भाड्यानं राहत होत्या आमच्याकडं. मॅडम हायेत त्या.’

मी दुसरा फोटो काढला.

बायका आपापली गाठोडी उचलून गेल्या. त्या वर्षी मस्तगडातल्या कितीतरी घरांनी पिशवीतल्या लाह्या आणल्या आणि नागोबाला दाखवताना बोटं मोडली, ती माझ्या नावानं नाही, आत्याच्या. ओली ज्वारी घेतली आणि फोडून दिली नाही, असं. नाराजी उरते ती अशी, जवळच्या माणसावर. पहार कुणाची होती ते कुणी लक्षात ठेवत नाही.

अहवाल गेला. ‘बंद करण्यात आलेल्या भट्ट्या: एक.’ वरून कौतुकाचं पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की पोलादनगरीसारख्या ठिकाणी भट्टीवर कारवाई करणं हे धाडसाचं काम आहे. साहेबांनी ते पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं आणि एकाही शब्दाची दुरुस्ती केली नाही. कुणीच खोटं बोललं नव्हतं. गच्चीवरचा कागद मी पंचमीच्या आदल्या दिवशी घातला होता, तो काढला. काळा. पुढच्या आठवड्यातला काढला, काळा. आत्याची भट्टी तिथून दोन गल्ल्या सोडून होती. बाहेरच्या भट्ट्यांचा धूर संध्याकाळचा वारा फिरला की रोजच्यासारखा यायचा आणि दोरीवरच्या कपड्यांवर काजळीचे बारीक ठिपके ठेवून जायचा. प्रयोगशाळेचा निकाल पुढं आला तेव्हा त्यात लोखंड होतं, रस्त्याची धूळ होती. लाह्यांच्या भट्टीची ओळच नव्हती, मोजण्याएवढी ती कधी नव्हतीच.

मी आत्याकडं गेले की नाही? गेले. तीन आठवड्यांनी, सफरचंदं घेऊन. तिनं खुर्ची पुसली, चहा केला, कपबशीत दिला. आधी मी तिच्याकडं स्टीलच्या ग्लासात प्यायचे. मी रडायचं ठरवून गेले होते, पण तिनं संधीच दिली नाही. जरा बसली नाही की उठून काहीतरी आवरायची. म्हणाली, घरी सगळे बरे हायेत ना? मी म्हणाले, आत्या, मला शिव्या दे. ती म्हणाली, शिव्या कशाला, तुमचं काम हाय ते. तुमचं म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा. मी धावड्याला चल म्हणाले, भाऊ आहे, घर आहे. तिनं फक्त मान हलवली. मामा गेले तेव्हा आजोबांना जशी हलवली होती तशी.

आमच्या आराखड्यात धुळीचाही एक भाग होता. मोठे रस्ते रोज झाडायचे, कडेची माती उचलायची. त्याचं कंत्राट निघालं, कंत्राटदाराला बायका पाहिजे होत्या. आणि सकाळी सहाला हजेरी घ्यायला आमच्या कक्षातलं एक माणूस पाहिजे होतं, कारण कंत्राटदारावर भरवसा नव्हता. साहेब म्हणाले, मस्तगडाची बाजू तुम्हाला माहीत आहे, तुम्हीच घ्या. पहिल्या दिवशी मी वही घेऊन उभी राहिले. नावं घ्यायची नव्हती, पाठीवर नंबर छापलेले होते, हिरवी जाकिटं. सात नंबरच्या बाईनं तोंडाला पदर घट्ट बांधला होता. तरी मी तिला ओळखलं, झाडू धरायच्या पद्धतीवरून. दोन्ही हातांनी, पुढं वाकून, जशी चाळण धरतात.

ती खोकत होती. भट्टीवर इतक्या वर्षांत मी तिला असं खोकताना पाहिलं नव्हतं. कोरडी धूळ झाडली की ती गुडघ्याएवढी उठते आणि झाडणारीच्या तोंडात जाते. मास्क कंत्राटात लिहिलेले होते, आले नव्हते. मी रोज नंबर वाचते. पाच. सहा. सात. ती म्हणते, ‘हजर, मॅडम.’ बाकीच्या जशा म्हणतात तशीच, न कमी न जास्त. मी आवाजात राग शोधते. तो मिळाला असता तर मला झोप लागली असती.

परवा मला राहवलं नाही. कंत्राटदाराचा मुकादम टपरीवर गेल्ता, बाकीच्या बायका पुढं सरकल्या होत्या. मी वही मिटली, जवळ गेले आणि हळूच म्हणाले, आत्या. तिनं झाडू थांबवला. आधी डावीकडं पाहिलं, मग उजवीकडं, टपरीकडं. मग पदर तोंडावरून जरा खाली ओढून, काळजीनं, अगदी आईच्या काळजीनं म्हणाली,

‘मॅडम, जल्दी लिवा अन् जावा. लोक बघून राह्यलेत. तुमची नोकरी जाईल.’

मी वही उघडली आणि सातसमोर लिहिलं, हजर.